गजाभाऊंचा तीन नंबरचा बावटा

गजाभाऊंना राग आला की ते आधी बावटा लावतात, मग भांडतात. त्यांच्या वाडीत समुद्राच्या बाजूला एक उंच बांबू रोवलेला होता. थोडी चिडचिड असली की त्यावर एक लाल फडकं, बरीच असली की दोन, आणि तीन फडकी दिसली की आमची पाखाडी, म्हणजे अख्खी वस्ती, तिकडे फिरकत नसे. कोळीण तर दोन नंबरलाच आवाज न देता पुढे जाई आणि त्यांची कोलंबी माझ्या घरी शिजे. म्हणून या छंदाविरुद्ध मी कधी बोलले नाही.

गजाभाऊ मुरुडला बंदरावरच्या कचेरीत शिपाई होते. वादळाची सूचना आली की बावटा चढवायचा, होड्या परतल्या की वहीत नोंद करायची, हेच काम त्यांनी नोकरीभर केलं. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नाहीतर दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं जुळवतात. गजाभाऊंनी स्वतःच्या डोक्याचं हवामानखातं उघडलं.

ते त्यांनी हौसेने उघडलं नव्हतं. एका संध्याकाळी सुलभावहिनी हळदीकुंकवाहून अर्धा तास उशिरा आल्या आणि गजाभाऊंनी त्यांना फाटकातच, चार बायकांदेखत, वाट्टेल ते बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पिशवी भरून मुलीकडे पनवेलला निघाल्या. मी तेव्हा कुंपणाशी जास्वंदीला पाणी घालत होते. जास्वंदीला त्या दिवशी पाणी जरा जास्तच झालं, पण मला सगळं ऐकू आलं.

"चाळीस वर्षं तुमचा राग बघितला," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तो का येतो ते तुमचं तुम्हाला कळलं की फोन करा. नुसतं चुकलं म्हणायला करू नका."

चुकलं म्हणणं गजाभाऊंना जमलं असतं. हे अवघड होतं. दोन दिवस ते ओटीवर बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी एक कोरी वही घेऊन माझ्याकडे आले. मी शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे जगातली कुठलीही वही मी तपासावी असं पाखाडीत सगळ्यांना वाटतं.

"बाई, दर्याची नोंद ठेवली, मनाची ठेवली न्हाय," ते म्हणाले. "आता ठेवतो."

त्याच दिवशी त्यांनी वाडीत तो बांबू रोवला. वही रोज दिवेलागणीला पाच मिनिटं. तीन रकाने: वेळ, बावटा, कारण. कारणाचा रकाना रिकामा ठेवायचा न्हाय, हा त्यांचा नियम. पहिल्या आठवड्यात सातही दिवस एकच कारण होतं: बायको घरी नाही. मी लाल शाईने शेरा मारला, 'हे कारण नव्हे, हा निकाल आहे.' त्यावर दुसऱ्या दिवशीची नोंद आली: एक नंबर, कारण, बाईंचा शेरा.

पुढे मात्र गाडी रुळावर येऊ लागली. 'नारळ काढणारा आला नाही' अशी नोंद सोमवारी, आणि 'नारळ काढणारा आला' अशी मंगळवारी. 'मिक्सरचं झाकण.' 'दोघांचा चहा टाकला, मग एक कप ओतून दिला.' या शेवटच्या नोंदीपाशी मी शेरा न मारता पान उलटलं. एकदा माझ्या फणसाची फांदी त्यांच्या कौलांवर आली म्हणून आमचं भांडण जुंपलं. ऐन रंगात आल्यावर ते म्हणाले, "थांबा बाई," आणि बावटा लावायला गेले. गाठ मारून परत येईपर्यंत त्यांचा राग गेला होता. मी मात्र तोवर चांगली पाच-सहा वाक्यं तयार ठेवली होती, ती तशीच वाया गेली.

असे तीन महिने गेले. राग केव्हा येतो ते गजाभाऊंना कळलं होतं, का येतो ते कळत नव्हतं. मग एका सकाळी मुलीचा फोन आला की आई बहुतेक उन्हाळाभर इथेच राहील. गजाभाऊंनी फोन ठेवला, वाडीत गेले आणि ऐन होड्या निघायच्या वेळी तीन फडकी चढवली.

थंडीतली सकाळ होती, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, पाणी ताटातल्या पेजेसारखं निवांत. तासाभरात समुद्रात निघालेल्या तीन होड्या मागे फिरल्या. किनाऱ्याला लागताच पांडू तांडेल, म्हणजे त्यातल्या एका होडीचा म्होरक्या, ओल्या पायांनीच गजाभाऊंच्या अंगणात आला.

"भाऊ, वारा कुठं हाय?"

गजाभाऊंनी छातीवर हात ठेवला. "हितं."

मला वाटलं, आता हा माणूस बांबूच उपटणार. दिवस बुडाला होता बिचाऱ्याचा. पण तो पायरीवर बसला आणि हसायला लागला. म्हणाला, तुमचा बावटा दिसला की आम्ही वर आभाळाकडं बघत न्हाय, मागं फिरतो, हात आपोआप वळतो. मग म्हणाला, "नोकरीत असताना शेवटची होडी येईस्तोवर तुमी धक्क्यावरनं हलायचे न्हाय. मी उशिरा आलो की शिव्या मलाच. त्या शिव्या ऐकल्या की वाटायचं, पोचलो घरी."

गजाभाऊंनी चहासुद्धा विचारला नाही, तो मी विचारला.

त्या संध्याकाळी त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. नोंद त्या दिवसाची नव्हती, हळदीकुंकवाच्या संध्याकाळची होती. सात वाजून वीस मिनिटं. तीन नंबर. कारण: होडी आली नव्हती.

मी लाल पेनाचं टोपण लावून टाकलं आणि चष्मा पुसला.

फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला, कारण एकट्याने धीर होईना. नोंद जशीच्या तशी वाचून दाखवली. मग गजाभाऊ वहीत नसलेलं एक वाक्य बोलले. "सुलभा, मला राग न्हवता आला. भीती वाटली हुती."

वहिनी तिसऱ्या दिवशीच्या एस्टीने निघाल्या. ही बातमी कोळणीला कळली, म्हणजे गावाला कळली. गाडीच्या वेळी थांब्यावर आम्ही पंधरा-वीस माणसं सहज म्हणून जमलो होतो. पांडू तांडेल धुतलेला शर्ट घालून आला होता. आणि गाडी आली नाही. दहा मिनिटं, वीस, पाऊण तास. गजाभाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तीन नंबर आम्हाला सगळ्यांना फडक्याशिवाय दिसत होता.

अखेर गाडी आली. वहिनी उतरल्या, नवऱ्याचा चेहरा बघून पायरीवरच थबकल्या. गजाभाऊंनी तोंड उघडलं.

"पाऊण तास," ते म्हणाले. "लई घाबरलो."

वहिनींनी पिशवी त्यांच्या हातात दिली. "टायर पंक्चर होता. चला घरी."

पांडू तांडेलाने होडी ओढताना घालतात तशी आरोळी ठोकली आणि आम्ही सगळे त्यात सामील झालो. मी आयुष्यात कधी आरोळी ठोकली नव्हती. बरी जमली.

होड्यांचा घोटाळा पुन्हा नको म्हणून बांबू आता घरामागे, माझ्या खिडकीसमोर रोवला आहे. परवा सकाळी त्यावर एक फडकं दिसलं. मी कुंपणाशी जाऊन विचारलं, काय गजाभाऊ, काय झालं?

"माझा न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "तिचा हाय. तिनंपण वही सुरू केली."

कारण काय लिहिलंय, मी विचारलं.

"वही मला वाचायला देत न्हाय." त्यांनी बांबूकडे एकदा बघितलं. "पण बावटा दिसला की मी दोघांचा चहा टाकतो आणि शेजारी जाऊन बसतो. सांगंल तवा सांगंल."