मन्मथप्पांची हरकत

मन्मथप्पा सिनेमा डोळ्यांनी कमी आणि बोटानं जास्त बघतात. मोबाइल तारेच्या रिळाला टेकवून उभा केलेला असतो. सिनेमातल्या नायकाला काही सुचायची वेळ आली, म्हणजे तो खिडकीशी गेला, बाहेर नजर लावून उभा राहिला आणि मागं व्हायोलिन सुरू झालं, की अप्पांचं बोट पडद्यावर येतं. सिनेमा थांबतो. नायक तोंड अर्धवट उघडं ठेवून तसाच अडकतो. मग दुकानात जो कोणी असेल त्याला अप्पा विचारतात, "सांगा बरं, हे कुणी बघितलं?"

एकदा रस्ता विचारायला आलेला एक ट्रक ड्रायव्हर या प्रश्नात सापडला होता. "काय बघितलं, काका?" तो म्हणाला.

"ह्याला खिडकीत सुचलं, हे कुणी बघितलं? खोलीत ह्यो एकटाच हाय ना? मंग सांगितलं कुणी? ह्येनंच! स्वतःचंच सांगायचं म्हणल्यावर मानूस वाईट कशाला सांगंल?"

ड्रायव्हर रस्ता न विचारताच गेला.

अप्पांचं दुकान देवगाव फाट्यावर आहे. विहिरीवरची पाण्याची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हा त्यांचा धंदा. मोटार उघडली की ते आधी तिचा वास घेतात. वासावरून ती कमी दाबानं जळाली, कोरडी चालून जळाली की मालकाच्या मेव्हण्यानं चुकीची जोडणी केल्यामुळं जळाली, हे सांगतात. मेव्हण्याचं निदान सहसा चुकत नाही.

मी सेलूला राहतो आणि फाट्याच्या पलीकडं एका गावात शाळेवर आहे. रोज फाट्यावर उतरून जीप धरावी लागते आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही. तोवर बसायला सावली दोनच ठिकाणी आहे. एक बाभळीखाली, पण तिथं शेळ्या असतात. दुसरी अप्पांच्या दुकानात. त्यामुळं गेल्या काही वर्षांत मी जे सिनेमे पाहिले, ते सगळे तुकड्यातुकड्यानं आणि अप्पांच्या हरकतींसकट पाहिले.

प्रेमाच्या, मारामारीच्या किंवा देवादिकांच्या सिनेमांशी अप्पांचं भांडण नाही. "ते आमी खोटं हाव म्हणूनच येतेत," असं त्यांचं म्हणणं. भांडण आहे ते 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावून येणाऱ्यांशी. त्यातही कॉम्प्युटर, फोन, इंटरनेट असलं काहीतरी काढून अब्जाधीश झालेल्या परदेशी माणसांच्या सिनेमांशी. हिंदीत केलेला असा एकही सिनेमा अप्पांनी सोडलेला नाही. "आपल्या लाइनीतली मानसं हायेत," ते म्हणतात. "विजेची, तारेची. त्येंचं खरं काय झालं ते कळाया पायजे."

ते कळत नाही, ही अप्पांची तक्रार. गडी गॅरेजात कंपनी काढतो, पण गॅरेज ज्याच्या बापाचं, तो बाप नंतर कुठं दिसत नाही. सहा वर्षांचं काम एका गाण्यात उरकतं. कुणाच्या हाताला काळं लागत नाही. आणि नायक सगळ्यांवर ओरडतो, ही तर अप्पांची खास हरकत. "मी वरडलो तर गिऱ्हाईक सेलूला जातंय. ह्यो वरडला की बाजा वाजायलाय!"

या सगळ्याला उत्तर देण्यासाठी रस्त्याच्या पलीकडून सलीमभाई येतात. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. झेरॉक्सही आहे, पण ते स्वतःला फोटोग्राफरच म्हणवतात आणि आसपासच्या वीसेक गावांतल्या लग्नांचे व्हिडिओ त्यांनी काढलेत. चहा हातात घेऊनच ते वादाला उभे राहतात.

"अप्पा, पिच्चर हाय. पंचनामा नक्को समजू."

"मंग खाली लिव्हावं ना, पंचनामा न्हाई म्हणून."

"मी शादीचा व्हिडिओ करतो. रुसलेला मामा दाखवतो का मी त्याच्यात?"

"का न्हाई दाखवत? त्येच्यापायी लग्न दोन तास आडलं व्हतं!"

"उसकू कौन देखेंगा? नवरीला बघायचं असतंय लोकांला."

"म्हंजे तुमी बी त्येच धंद्यातले," असं म्हणून अप्पा सिनेमा पुन्हा सुरू करत. नायकाचं अडकलेलं तोंड मिटायचं. माझी जीप भरलेली असायची. हा वाद मी कधी पूर्ण ऐकला नाही आणि त्यानं काही बिघडलंही नाही, कारण दुसऱ्या दिवशी तो तिथूनच सुरू व्हायचा.

गेल्या वर्षी एक बातमी आली. दिलीपवर सिनेमा निघणार होता.

दिलीप हा आमच्याच तालुक्यातला. पाण्याच्या मोटारीला लावायची एक पेटी त्यानं काढली. पेटीत फोनचं सिम असतं. घरी बसून पेटीला रिंग दिली की रानातली मोटार चालू होते. लाइट कधीही येणार, कधीही जाणार, अशा आमच्या भागात या पेटीनं किती जणांच्या खेपा वाचवल्या ते शेतकऱ्यालाच विचारावं. दिलीपचा पुण्याला मोठा कारखाना आहे आणि आता दुसऱ्या राज्यांतही पेट्या जातात. पण ही पहिली पेटी बनली ती अप्पांच्या दुकानात. डिप्लोमा करून आलेला दिलीप तिथं दोन वर्षं एका टेबलाशी काम करत होता, आणि मोटार, तार, स्टार्टर यातलं जे काही होतं ते अप्पांनीच त्याला हाताला धरून दाखवलं होतं. हे सगळ्या फाट्याला माहीत होतं. कारखान्यात अप्पांचं नाव कुठं नाही, हेही फाट्याला माहीत होतं. अप्पा त्यावर कधी बोलले नव्हते. दिवाळीला दिलीपकडून मिठाईचा डबा यायचा, तो ते फाट्यावर वाटून टाकायचे.

त्यामुळं सिनेमाची लेखिका अप्पांना भेटायला येणार हे कळलं, तेव्हा फाट्यावर उत्साह पसरला. सलीमभाई तर वकिलाच्या थाटात तयारीला लागले. "अप्पा, अब मौका आया. सगळं सांगायचं. मेरेकू भी बीच में बोलने दो."

"तुमीच तर म्हणायचे, पंचनामा नगं."

"परदेशी लोकांचा नगं. ह्यो आपला हाय."

लेखिका आली. तिशीची, साधी, पायात धुळीच्या चपला, हातात वही. तिला दुकानातला एकुलता एक धड स्टूल दिला. मी शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. ती खोटं कारण देऊन टाकली होती, हे इथं कबूल करतो. दारात वीसेक माणसं उभी. सलीमभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

बाईनं पुष्कळ विचारलं. दिलीप कसा होता, जेवायला कुठं जायचा, पेटी पहिल्यांदा कुठं लावली. अप्पा नीट उत्तरं देत होते. मग तिनं वही मांडीवर सरळ केली.

"अप्पा, आता मुख्य विचारते. रिंग देऊन मोटार चालू करायची, ही कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली? आणि कशी?"

सगळे पुढं सरकले. अप्पांनी हातातली तार खाली ठेवली. धोतराला हात पुसले.

"दिलीपलाच सुचली," अप्पा म्हणाले.

"कशी?"

"एस्टीनं येत व्हता परभणीहून. खिडकीत बसला व्हता. बाहीर बघता बघता सुचली."

सलीमभाईंचा चहा त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडला.

"किती छान," बाई म्हणाली आणि भराभर लिहू लागली. "आणि तुम्ही तेव्हा काय करत होतात?"

"मी मोटार भरायलो व्हतो."

ती गेल्यावर सलीमभाई दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "जिंदगीभर झूट पकडता रहा दुसऱ्याची! अन् आपल्या टायमाला खिडकी? खिडकी, अप्पा? कितनी मिठाई भेजा रे दिलीपने?" अप्पांनी खाली ठेवलेली तार पुन्हा हातात घेतली. सलीमभाई रस्ता ओलांडून गेले आणि त्यानंतर चहाला आले नाहीत. दोघांमध्ये एक डांबरी रस्ता, पण सिनेमा येईपर्यंतचे सगळे महिने त्यांनी तो ओलांडला नाही. अप्पांनी या काळात एकही सिनेमा लावला नाही. दुकानात फक्त कानशीचा आवाज यायचा, आणि खरं सांगायचं तर मला जीप लवकर भरावी असं वाटायला लागलं.

सिनेमा आला तो मोबाइलवरच. सलीमभाईंकडं मोठा टीव्ही होता, म्हणून फाट्यावरच्या लोकांनी तो त्यांच्या स्टुडिओत लावायचं ठरवलं. रविवारची दुपार होती. मीही सेलूहून मुद्दाम गेलो. अप्पा येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण ते आले आणि भिंतीला टेकून बसले. सलीमभाईंनी एक उशी त्यांच्याकडं सरकवली.

एस्टी आली, खिडकी आली, बाहेर हरभऱ्याची रानं पळू लागली आणि व्हायोलिन सुरू झालं. सगळे अप्पांकडं बघायला लागले. अप्पांनी कुणाला थांबवायला सांगितलं नाही. सिनेमा शेवटपर्यंत चालला. मोटार भरणारा एक हसरा म्हातारा त्यात दोनदा दिसला. त्याला संवाद एकच होता, "कर बाळा, तुला जमेल." अप्पा जन्मात कुणाला असं म्हणाले नसतील.

लोक पांगले. आम्ही तिघंच उरलो. सलीमभाईंनी टीव्ही बंद केला आणि मागं न वळताच म्हणाले, "दिलीपने बोला था ऐसा सांगायला?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "दिलीपनं तर त्या बाईला सांगितलं व्हतं, कसं सुचलं ते मला न्हाई सांगायचं, अप्पांला इचारा. म्हणून तर ती आली. सकाळी त्येचा फोन आला व्हता. म्हणला, अप्पा, काकूचं का न्हाई सांगितलं? मी म्हणलं, तू का न्हाई सांगितलंस? तर म्हणतो, ते तुमचं व्हतं."

काकू म्हणजे अप्पांची बायको, महानंदा. त्या वारून चार वर्षं झाली होती. मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा दुरून.

"घर रानात, दुकान हितं," अप्पा सांगू लागले. "सैपाक झाला की ती मिस कॉल द्यायची. एक रिंग. की मी हातातलं टाकून निघालो. दिलीप हसायचा. एकदा त्येला जेवायला घरी नेलं. लाइट आली, मोटार चालू कराया मी ताटावरून उठाया लागलो, तर ती म्हणली, तुमाला एका रिंगवर उठायचं शिकिवलं, तसं त्या मोटारीला कोन शिकिवंल? दिलीपचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिशी त्येनं सिम आणलं."

सलीमभाई आता वळले होते. "मग हे सांगायचं की, अप्पा! हे तर हिट हाय!"

"हाय ना. म्हणूनच न्हाई सांगितलं." अप्पा बंद टीव्हीकडं बघत होते. "बाई चांगली व्हती. तिनं सगळं घेतलं आसतं. मंग एक नटी आणली आसती. तिला लुगडं नेसवलं आसतं. ती चुलीपुढं बसून हसली आसती, फोन उचलला आसता. अन् मला ते शंभरदा दिसलं आसतं, फाट्यावर पोरं बघत बसली आसती. मंग आठवायला गेलो की नटीच आली आसती, सलीमभाई. हिचं तोंड आत्ताच कवाकवा डोळ्यापुढनं लांब जायलंय."

स्टुडिओत फोटोमागच्या नव्यानं रंगवलेल्या पडद्याचा वास होता. बाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. सलीमभाई स्टूल ओढून अप्पांच्या समोर बसले. त्यांनी हळूच विचारलं, "एक रिंग म्हणजे जेवायला."

"हां."

"अन् दोन?"

"तीन म्हंजे पळत या. पाव्हणे आले, नायतर गाय सुटली."

"दोन, अप्पा."

अप्पांनी चष्मा काढला आणि धोतरानं पुसत राहिले. तो स्वच्छ झाला तरी पुसत राहिले.

"दोन म्हंजे काही न्हाई," ते म्हणाले. "उगंच."