दोन दिवसांत परत

निघायच्या आधी बाबांनी पाठीवरची पिशवी तीनदा बांधली आणि मुलीने ती एकदाच सोडली. बाबा बूट शोधायला आत गेले तेवढ्यात तिने पिशवीतला जेवणाचा डबा काढून ओट्यावर ठेवला, वर फडकं टाकलं आणि गाठ होती तशी मारून ठेवली. ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पिशवी मीच घेणार, असं बाबांनी डॉक्टरांना त्यांच्या दुप्पट आवाजात बजावलं होतं. दोघांचाही मान राखायचा तर डब्यानेच घरी राहायला हवं होतं. पायथ्याशी खायला काहीतरी मिळेलच, असा तिचा अंदाज होता.

बाबा एकाहत्तर वर्षांचे. पन्नास वर्षं त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत बसून पुस्तकं बांधली. त्या खोलीच्या खिडकीतून डोंगराचं टोक दिसायचं. पण उजेड खांद्यावरून कामावर पडायला हवा म्हणून बाबा खिडकीकडे पाठ करून बसत. "पन्नास वर्षं त्याला पाठ दाखवली," ते म्हणाले होते, "एकदा तोंड दाखवून येऊ." मुलगी शाळेत गणित शिकवायची. चाळीस पोरांना ती एका नजरेत गप्प करायची, पण ती नजर बाबांवर कधी चालली नव्हती.

पायथ्याची टपरी बंद होती.

"असू दे, डबा आहे आपला," बाबा म्हणाले. चौकीवरच्या वनरक्षकाकडे नाव नोंदवून ते उत्साहाने पुढे झाले. "ठमे, मजा येतेय ना?"

"खाली बघून चाला, बाबा."

अर्ध्या वाटेवर, एकुलत्या एका झाडाच्या सावलीत बाबांनी पिशवी सोडली. आत हात घातला. मग डोकं घातलं. मग सगळी पिशवी उलटी करून झटकली.

"ठमे, डबा विसरलो गं मी! अगदी आठवतंय, ठेवला होता... छे. म्हातारा झालो."

खरं सांगायची वेळ तीच होती. मुलीने तोंड उघडलं आणि त्यात पाणी ओतलं.

"तू उपाशी राहणार माझ्यामुळे," बाबा हळहळले. हे ऐकून तिला पाण्याचाच ठसका लागला.

तेवढ्यात एक आडव्या अंगाचा माणूस आपली पाठपिशवी बाळासारखी पोटाशी धरून वर आला. तिचा पट्टा मुळापासून उसवला होता. बाबांचे डोळे लकाकले. उसवलेली वस्तू समोर असली की त्यांना दुसरं काही दिसत नसे. खिशात दाभण आणि मेण लावलेला दोरा नेहमीच असायचा. लग्नाच्या दिवशीही होता, असं आई सांगायची.

"बसा इथे," बाबा म्हणाले. "पिशवीत खायला काय आहे?"

"बाबा!" मुलगी ओरडली.

"उकडलेले बटाटे आहेत," माणूस म्हणाला.

"मग दुहेरी शिवण घालतो."

दुहेरीची तिहेरी झाली, कारण बटाटे चांगले होते. दोरा संपला. "आता पिशवी फाटेल, पट्टा सुटायचा नाही," बाबांनी हमी दिली आणि मिठाचं बोट चाटत पुन्हा विचारलं, "मजा येतेय ना?"

"ऊन वाढतंय. चला."

माथ्यावर एक लोखंडी पेटी होती. तिच्यात नोंदवही. वर पोहोचलेल्याने नाव, वेळ आणि शेरा लिहायचा. बाबांच्या हातात येताच वही सगळीकडून सुटली. शिवण कुजलेली, पुठ्ठा लोंबकळलेला, अर्धी पानं उडायच्या बेतात.

"अरेरे," बाबा असं काही म्हणाले की मुलीला वाटलं, दरीत कोणीतरी पडलं. त्यांनी खिशात हात घातला. दोरा बटाट्यांना गेला होता.

"मी ही घरी नेतो."

"अहो, ती सरकारी वही आहे! अशी उचलून नेतात का?"

"उचलून कशाला? रीतसर लिहून नेतो." ते पेन काढून बसले आणि बराच वेळ मन लावून लिहीत राहिले. ती तोवर त्यांच्या डोक्यावर ओढणीची सावली धरून उभी होती. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "मजा आली ना?" तिचं लक्ष त्यांच्या लालबुंद कानांकडे होतं. "पाणी प्या आधी," ती म्हणाली.

खाली चौकीवर रांग लागली होती. वनरक्षक घामाघूम होऊन एकेकाला मोजत होता. वरून उतरलेल्या कोणीतरी नोंदवही गायब असल्याचं सांगितलं होतं. आणि वहीशिवाय कोण वर पोहोचलं, कोण वाटेत राहिलं, हे कळणार कसं? म्हणून सगळ्यांना अडवलं होतं.

"चोर सापडू दे," रांगेतला आडवा माणूस म्हणाला. त्याचा पट्टा शाबूत होता.

बाबा शांतपणे पुढे गेले. "साहेब, उगाच घाबरलात. वही दुरुस्तीला गेलीय. तसं लिहून ठेवलंय."

"कुठे लिहिलंय?"

"वहीत."

"आणि वही?"

बाबांनी पाठीवरच्या पिशवीकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला. रांगेत आधी एक जण हसला, मग सगळी रांग. वनरक्षकाने वही उघडून पाहिली. शेवटच्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'बांधणी ढिली. दुरुस्तीस नेत आहे. दोन दिवसांत परत.'

"आजोबा," वनरक्षक कपाळ पुसत म्हणाला, "न्या. पण दोन दिवस म्हणजे दोन दिवस. नाहीतर नव्या वहीत पहिली नोंद चोरीची करीन."

"पन्नास वर्षांत एक दिवस उशीर नाही केला," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, डोंगराचा काही संबंध नाही. घरात बसून असते तरी हेच झालं असतं.

दीड महिन्याने मुलगी बाबांच्या जागेवर, खिडकीकडे पाठ करून बसली. चिकटवायला खळ केली, दोरा मेणातून ओढला. लहानपणी हजारदा पाहिलेलं काम हाताला अजिबात येत नव्हतं. शेवटचं पान तिने पाहिलं नाही. ते तळहाताखाली दाबून शिवलं. वाळल्यावर कळलं, पुठ्ठा उलटा लागला होता.

"वही उलटी आहे," चौकीवर वनरक्षक म्हणाला.

"पुठ्ठा उलटा आहे. आतलं सुलट आहे."

त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. "हा आजोबांचा हात नाही."

"नाही."

मग त्याने नवी वही पुढे केली. पहिलं पान कोरं होतं. "रोज सकाळी चोरी लिहायला पेन काढायचो," तो म्हणाला. "मग वाटायचं, उद्या येतील. जा, वर तुम्हीच ठेवून या."

माथ्यावर एक जोडपं डबा उघडून बसलं होतं. तिने पेटी उघडली आणि वही आत ठेवण्यापूर्वी शेवटचं पान उघडून पाहिलं. बाबांच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, त्याच अक्षरात. नावाच्या जागी 'ठमी', आणि शेऱ्यात: 'डबा हिनेच घरी ठेवला, गाठ माझी नव्हती. हिला मजा आली. सांगणार नाही, पण आली.'



"बाबा, डबा मीच काढला होता," ती म्हणाली.

जोडप्याचे घास हातातच थांबले. "काही म्हणालात का?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली. आणि मग शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो तो वर्गातला आवाज लावून तिने दरीला सांगितलं, "मजा आली, बाबा! खूप मजा आली!"