बसलिंगअप्पा आणि गंगेची हद्द

गंगेला हात जोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली; तिला काठी दाखवून दम देणारा माणूस एकच. आमचे बसलिंगअप्पा. गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. पाणी चढलं की अप्पा शेताच्या कडेला उभे राहून ओरडत, "हद्दीत ऱ्हा! हद्द म्हंजी हद्द!" गंगा कसली ऐकतेय! दरसाल त्यांच्या रानाचा एक लचका ती तोडून न्यायचीच.

निजामाच्या अमलातली गोष्ट. पालमजवळच्या त्या गावात मी मास्तर होतो आणि अप्पांच्या किराणा दुकानाला लागून राहत होतो. अप्पा एकटेच. तराजूत गूळ आणि समोर गिऱ्हाईक तसंच सोडून ते उठत.

"कुठं निघालाव, अप्पा?"

"हद्द बगून येतो."

गिऱ्हाईक कपाळाला हात लावी, पण गावात दुसरं दुकान नव्हतं.

त्या शेतात एक बेल होता. कडेपासून बेलापर्यंतचं अंतर अप्पा आपल्या उंचीच्या काठीनं मोजत. मी आलो त्या वर्षी बारा काठ्या भरल्या, पुढच्या वर्षी सात, मग चार. लोक रामराम घालावा तसं विचारत, "अप्पा, किती ऱ्हायल्या?"

मला जुगराफिया, म्हणजे भूगोल, शिकवायची भारी खाज. एकदा त्यांना ऐकवलंच. "अप्पा, वळणावर बाहेरच्या काठाला पाण्याचा जोर जास्त. पाणी काठ खालून पोखरतं, मग वरची माती आपल्याच वजनानं ढासळते. पुढच्या वळणावर आतल्या बाजूला पाणी संथ असतं, तिथं ती जाऊन बसते. ओरडून काय उपयोग? त्यापेक्षा बेल तोडा, लाकूड तरी हाती लागेल."

"तुमच्या किताबात असंल," एवढंच म्हणून अप्पा आत गेले. आठ दिवस बोलले नाहीत. म्हातारा जमिनीचा भारी लोभी, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

शेवटी शेजारच्या पार्वतीकाकूंनी मला झापलं. "बेल तोडा म्हणलाव व्हय? त्याच्या बुडाला त्यांची कारभारीण बसली हाय!" लिंगायतांत मयताला बसवून पुरतात, हे मला ठाऊक होतं. बेलाखाली कोण आहे, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग उकरून दुसरीकडं नेता येणार नाही?"

"बसलेल्या माणसाला उठवायचं न्हाई म्हणतेत ते," काकू म्हणाल्या.

भादव्यात एका सकाळी बेल गंगेत गेला. अप्पा ओरडले नाहीत. तीन दिवस दुकान बंद. चौथ्या दिवशी ते माझ्या दारात उभे.

"मास्तर, माती कुठं बसती म्हणलाव?"

पाणी उतरल्यावर आम्ही कोसभर चालत पुढच्या वळणाला गेलो. आतल्या काठाला नवा गाळ साचला होता, अजून पाऊलसुद्धा न उमटलेला. अप्पा उकिडवे बसले. मूठभर गाळ हातात घेऊन बराच वेळ चोळत राहिले. मग ओल्या फडक्यातून बेलाचं इवलंसं रोप काढलं. त्याच झाडाच्या बियांचं, फुटक्या माठात वाढवलेलं. ते त्यांनी जरा वरच्या अंगाला लावलं.

"आठ वर्सं एका जागी बसून व्हती बिचारी. मी तिला पालमच्या बाजाराबिगर कुटंच नेलं न्हाई. तेवढीच फिरली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हितंच आली असंल न्हवं?"

किताबात पुढचं वाक्यही होतं. जाड रेती वळणावर थांबते; बारीक माती थांबत नाही, ती थेट समुद्रापर्यंत जाते. ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"इथंच, अप्पा," मी म्हणालो.

अप्पांनी काठी उचलली. पाण्यापासून रोपापर्यंत एकेक काठी टाकत मोजत आले.

"अकरा," ते म्हणाले. "माझ्यापुरत्या लय झाल्या."