दोनशे अकरा ताके

आप्पा अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, ताक्यांत सांगतात. दूध डेअरी चार ताके. उधना स्टेशन चाळीसेक. लूमवरून उतरलेलं शंभर मीटर कापड म्हणजे एक ताका, आणि तीस वर्षं पॉवरलूमवर काढलेल्या या माणसाकडे दुसरं माप शिल्लक नाही. एका रिक्षावाल्याला त्यांनी ‘वीस ताके जायचंय’ असं सांगितलं, तेव्हा त्याने आधी माल कुठे आहे ते विचारलं होतं.

सुरतेच्या नवागाममधल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते माझे शेजारी. धुळ्याकडचे. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, भाजीवालीशी गुजराती. वय पंचावन्न. शहरात दर हिवाळ्यात होणारी अर्धी मॅरेथॉन, म्हणजे दोनशे अकरा ताके, ते सलग नऊ वर्षं पळाले होते. कितवे आले हे त्यांनी कधी सांगितलं नाही. खंड पडला नाही, एवढंच सांगत. ‘तार तुटाले नको’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लूमवर एक तार तुटली तरी कापडावर रेघ उमटते, आणि अशी रेघ त्यांना स्वतःच्या आयुष्यात नको होती.

दहाव्या वर्षी कोरोना आला. शर्यत रद्द झाल्याचा मेसेज त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. मग आयोजकांना फोन करून कळवलं की तुम्ही रद्द केली असेल, मी केलेली नाही.

सकाळपर्यंत संचारबंदी असे, म्हणून सराव गच्चीवर सुरू झाला. घरात डागी निघालेला एक ताका होता. त्याच्या पन्नास घड्या मोजून त्यांनी कापड कठड्याच्या कडेने अंथरलं. ते बरोबर एक वळसा पुरलं. एक घडी म्हणजे एक मीटर, दोन फेऱ्यांचा एक ताका, चारशे बावीस फेऱ्यांची शर्यत. हिशोब पक्का झाला. तीन महिने रोज पहाटे डोक्यावर धप धप ऐकून गच्चीखालच्या मजल्यावरच्या शोभाताईंनी वर लूम टाकलाय का, अशी चौकशी केली. आप्पांनी शांतपणे सांगितलं, की टाकलाय, आणि तो रविवारीही बंद नसतो.

शर्यतीच्या ठरलेल्या रविवारी त्यांनी गेल्या वर्षीचा नंबर छातीवर टाचला. फेऱ्या मोजायचं काम माझ्याकडे आलं. पत्रकार लिहितात कसंही, पण मोजतात बरोबर, असं त्यांचं मत. त्यांची बायको, आमच्या काकू, उन्हाळ्यात कामगारांसाठी सोडलेल्या गाडीने गावी गेल्या होत्या आणि आजारी सासूसाठी तिकडेच राहिल्या होत्या. एरवी त्या शेवटच्या रेषेपाशी उभ्या असत. या वेळी फोन स्पीकरवर लावून पाण्याच्या टाकीवर ठेवला होता. सहा वाजले तरी आप्पा रेषेवरून हलेनात. मी कारण विचारलं. प्रमुख पाहुणे दर वर्षी पंधरा मिनिटं उशिरा येतात, म्हणाले. सव्वासहाला ते निघाले.

फेरी संपली की भिंतीवर खडूची एक रेघ, एवढंच माझं काम. तीनशेव्या रेघेच्या आसपास मी कंटाळलो आणि घरातली लोखंडी टेप आणून फेरी मोजली. एकोणपन्नास मीटर भरली. पुन्हा मोजली. एकोणपन्नासच.

चारशे बाविसावी फेरी संपवून आप्पांनी दोन्ही हात वर केले. फोनमधून काकूंच्या टाळ्या ऐकू आल्या. मी गप्प राहू शकलो असतो. पण मोजणीसाठी नेमलेला माणूस मी होतो. मी आकडा सांगितला.

आप्पा टेपकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. सुरतेच्या बाजारात अठ्ठ्याण्णव सेंटीमीटरची घडीही मीटर म्हणून खपते, हे तिथल्या हमालालाही माहीत असतं.

“तीस वरीस या घडीले शिव्या दिल्या,” ते म्हणाले, “आणि तीच गच्चीवर अंथरली.”

मग किती राहिलं ते विचारलं. नऊ फेऱ्या, मी म्हणालो. ते वळले आणि पळू लागले.

पण थांबलेले पाय पुन्हा तापत नाहीत. तिसऱ्या फेरीत पोटरी धरली. चौथी त्यांनी कठड्याला धरून चालत संपवली आणि गच्चीच्या पलीकडच्या टोकाला मटकन बसले. मी पाणी नेलं. त्यांनी हातानेच नको सांगितलं. दहावं वर्ष पाच फेऱ्यांनी तुटणार असं दिसत होतं.

टाकीवरून काकू मला हाक मारत होत्या. मी फोन उचलला. आप्पा बसलेत, मी सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या की शर्यतीत शेवटच्या वळणावर भोंग्यातून प्रत्येकाचं नाव पुकारतात. कारखान्यात यांना मास्टर म्हणतात, इमारतीत आप्पा, घरमालक खोलीच्या नंबरानेच ओळखतो. एवढ्या मोठ्या सुरतेत वर्षातून एकदाच कोणी यांचं पूर्ण नाव घेतं.

“तेस्ले तेवढंच आयकानं ऱ्हास, भाऊ. नाव जोरमां ल्या.”

चार वर्षांचा शेजार, आणि मला ते नाव माहीत नव्हतं. मी काकूंना विचारलं. मग फोन टाकीवर ठेवला, दोन्ही हातांचा भोंगा केला आणि नवागामच्या गच्च्यांवर ऐकू जाईल असं ओरडलो: सुकदेव उखा बैसाणे.

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या दोघी वळल्या. आप्पांनी मान वर केली. कठडा धरून उभे राहिले. पाचवी फेरी लंगडत झाली, सहावी जरा बरी. सातव्या फेरीला शोभाताई जिन्यातून वर आल्या आणि दारातच उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. नववी फेरी त्या सकाळची सगळ्यात वेगवान फेरी होती. हे मी घड्याळ बघून सांगतो आहे.

मी शेवटची रेघ ओढली. आप्पा आमच्याकडे पाठ करून बराच वेळ कठड्याला टेकून राहिले. मग न वळताच म्हणाले, “भाऊ, नाव एकदा परत घ्या ना. गावाकडे नेटवर्क नसतं. तिला आयकू नसेल गेलं.”

फोनमधून काकूंचं हसू स्वच्छ ऐकू येत होतं. मी परत भोंगा केला.