निळ्या हिरड्यांचे अण्णा

आमचे शेजारी अण्णा भेटले की आधी रामराम करत नाहीत, तोंड उघडतात. खालचा ओठ दोन बोटांनी ओढून निळ्या हिरड्या दाखवतात आणि म्हणतात, "बघा राव, फवारणी झाली!" सकाळच्या पहिल्या चहाबरोबर हे दर्शन मी घेतलेलं आहे.

त्याचं असं झालं. अण्णांचे पुढचे चार दात हलू लागले. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की हिरड्या सुधारल्या नाहीत तर चारही काढावे लागतील. मग दातांची साफसफाई झाली आणि जोडीला एक नवा उपचार ठरला. हिरड्यांच्या फटींत निळा रंग सोडायचा, त्यावर लाल उजेड धरायचा, की आतले जंतू मरतात. आमच्या निमगाव साव्याहून अण्णांना मोटारसायकलवर नेणारा मीच, त्यामुळे पुढचं सगळं मला बघावं लागलं.

बाई समजावू लागल्या, पण अण्णांना आधीच समजलं होतं. "आमी कांद्यात फुलकिड्याला निळे चिकट सापळे लावतो. त्यातलंच हाय हे!"

उजेड देऊन झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता चूळ भरा."

अण्णांनी तोंड घट्ट मिटलं. औषध मारल्यावर पिकाला लगेच पाणी लागू द्यायचं नाही, हा त्यांचा उभ्या जन्माचा नियम. तसेच घरी आले आणि ओट्यावर सूर्याकडे आ वासून बसले. का, तर बाईंनी उजेड लई थोडा दिला, बाकीचा उन्हानं द्यावा. एक माशी आत गेली, पाहणी करून बाहेर आली. "बसली न्हाई बघ," अण्णा खूश, "औषध कडक हाय!" मिशीसुद्धा निळी झाली होती.

पुढच्या खेपेला बाई भडकल्या. "अण्णा, उन्हाचं इथं काही काम नाही. आणि ती तंबाखूची मिश्री सुटली नाही, तर माझ्या दिव्याचाही उपयोग नाही!"

ही मिश्री सोडवताना मुलं दमली, सुना दमल्या, आम्ही तर नादच सोडला होता. आणि या माणसानं घरी येताच डबी उकिरड्यावर भिरकावली. मी चाटच पडलो. "चार दातांसाठी एवढं? कवळी बसवा की, अण्णा."

अण्णांनी घराच्या दाराकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या काकूला आता कायबी ऐकू येत न्हाई. माझ्या ओठांकडं बघून वळखती. आमच्या व्याह्यांनी कवळी बसवली, तवापासनं त्यांचा एक शबुद तिला कळंना. माझंबी तसंच झालं तर? दुसरं कोण हाय रं मला बोलायला?"

 

तेवढ्यात काकू दारात आल्या. अण्णांनी नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

"बरं, पिठलं टाकती," काकू म्हणाल्या. "पण मिरची कमी घालती हां. झोंबंल तुमाला."