आप्पासाहेब अक्षतांना येतात

लग्नसराईत आप्पासाहेब दिवसाला दहा-बारा लग्नं करतात आणि एकाही ठिकाणी जेवत नाहीत. एका मांडवात जेवलं की बाकीचे रुसतात, हा निवडणुकांनी शिकवलेला धडा. गाडी कार्यालयाच्या दारात थांबते. आप्पासाहेब उतरतात, अक्षता टाकतात, मुलीच्या बापाचा हात हातात घेऊन "बरं झालं" म्हणतात आणि परत येतात. तेवढ्या वेळात ड्रायव्हर महादेव इंजिन बंद करत नाही. बंद करून पुन्हा चालू करण्यात डिझेल जास्त जातं, असं त्याचं म्हणणं आहे.

मंत्रिपद जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी तीच आहे. इंजिनाचा आवाज तेवढा वाढला आहे.

मी सोलापुरातल्या एका दैनिकात राजकारणाच्या बातम्या लिहीत आलो, त्यामुळे त्यांची सगळी कारकीर्द माझ्यासमोर झाली. मूळचे माळशिरस तालुक्यातले, राहायला शुक्रवार पेठेत. पुन्हा पुन्हा निवडून आले, तीन मंत्रिमंडळांत बसले. खाती बदलली, मतं बदलली नाहीत. फायलीवरचा त्यांचा आवडता शेरा "जैसे थे". एकदा मी विचारलं, "एवढ्या वर्षांत तुम्ही नवीन काय केलंत?"

"नवं करणारे लई हायत की," ते म्हणाले. "हाय ते मोडू नये म्हणून एक माणूस नको?"

मी ते टीका म्हणून छापलं. त्यांनी कात्रण काचेच्या फ्रेममध्ये लावलं.

मुलींनी जातीबाहेर लग्न करू नये, हे ते प्रत्येक भाषणात सांगत. त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, सुमननं, ते ऐकून ऐकूनच बहुधा, एका तेलुगू विणकराच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. आप्पासाहेब त्या दिवशी गावातच होते, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीवर अक्षता टाकत. मी प्रतिक्रिया विचारली. "जैसे थे," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

त्यानंतर त्या रस्त्यानं जाताना एमआयडीसी आली की आप्पासाहेब डोळे मिटून घेत. झोप लागली, असं महादेव समजत असे. निदान तसं सांगत असे.

पुढाऱ्यासाठी अक्षता रोखून धरायची आपल्याकडे पद्धत आहे. माइकवाला "साहेब पाच मिनिटांत पोचत आहेत" सांगत राहतो, नवरा-नवरी घाम पुसत उभे. आप्पासाहेबांना याची भयंकर चीड. एका मांडवात त्यांनी माइकच हिसकावून घेतला होता. "मी काय नवरा हाय व्हय? माझ्यासाठी कशाला थांबलाय?"

यंदा सुमनच्या मुलीचं लग्न ठरलं. आप्पासाहेबांनी घरात विषय काढला नाही. पण दारात रिक्षा थांबली की ते वर्तमानपत्र खाली करत, हे मी स्वतः पाहिलं. अखेर एक दिवस सुमन अक्षत घेऊन आली. उंबऱ्यावर उभी राहूनच आईला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाली, "आप्पांना सांग, यायचं तर घरचे म्हणून या. मंत्री म्हणून नको."

आत बसलेल्या आप्पासाहेबांनी ऐकलं. "बघू," ते म्हणाले.

लग्नाच्या दिवशी काकू सकाळीच पुढे गेल्या. आप्पासाहेबांनी मला फोन करून बोलावलं. "तू संगं चल. म्हंजे कामासाठी आल्यासारखं वाटंल."

कार्यालयाच्या गेटबाहेर गाडी थांबली. आप्पासाहेब उतरेनात.

"साहेब, येळ झाली," महादेव म्हणाला.

"ठाऊक हाय. अक्षता पडू देत. मग मागनं जाऊन येतो. माइकवाल्यानं नाव घेतलं की लोक वळून बघत्यात."

"नाव तर आजवर घेतच आल्यात की सगळे."

"ती लग्नं येगळी."

गाडी कुणीतरी ओळखली होती. लाऊडस्पीकर खरखरला. "आपल्या जिल्ह्याचे लाडके नेते, माजी मंत्री, माननीय..." आणि मध्येच थांबला. आत कुणीतरी माइक घेतला असावा. मग बाईचा आवाज आला. सुमनचा.

"मंत्र्यांसाठी कुणी थांबायचं नाही. मुलीचे आजोबा यायचेत. ते आले की सुरू करू."

आप्पासाहेब समोरच्या काचेकडे बघत होते. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि एकदम भडकले.

"मुहूर्त चाललाय की! ह्या पोरीला काय अक्कल? नात उभी हाय तितं!"

दार उघडून ते निघाले. जवळजवळ धावतच. टोपी सीटवर राहिली. आप्पासाहेबांना बोडक्या डोक्यानं चारचौघांत जाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

थोड्याच वेळात मंगलाष्टका सुरू झाल्या. टाळ्या, वाजंत्री, सगळं झालं. महादेव सवयीनं गेटकडे डोळे लावून बसला होता, एक हात गिअरवर. पहिली पंगत उठली. पान चघळत लोक बाहेर पडू लागले. त्यांच्यात आप्पासाहेब नव्हते.

महादेवनं सीटवरची टोपी उचलली, झटकली, डॅशबोर्डवर नीट ठेवली. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.