उचकी डॉक्टर

पायात काटा रुतलेला माणूस आला तरी गावंडे डॉक्टर आधी विचारतात, "उचकी लागते काय?"

नाही म्हटलं की काटा निघतो. हो म्हटलं की काटा राहिला बाजूला. किती दिवसांपासून, ओकारी होते का, डोळ्यांपुढे धूसर दिसतं का, सगळी उलटतपासणी! घाटंजीत त्यांच्या दवाखान्याखाली माझं मेडिकल आहे, त्यामुळे गेली वीस वर्षं मी ही जिन्यातून ऐकतो आहे. गाव त्यांना 'उचकी डॉक्टर' म्हणतं. एकदा पंगतीत नवरदेवाला उचकी लागली, तर हे ताट सोडून त्याच्यापुढे घड्याळ धरून उभे! मुलीकडचे घाबरले. चौथ्या मिनिटाला उचकी थांबली तेव्हा "चालू द्या" म्हणाले आणि परत जिलेबीला बसले.

मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात. एकेकाचं नाव घ्यायचं, बरोबर नावाला ती थांबते. एवढ्याशा गोष्टीत रोग कसला शोधायचा?

मागच्या वर्षी बाजाराच्या दिवशी फुलसावंगीची एक बाई सुनेला घेऊन दुकानात आली. सून मंगला, पंचविशीची. ओठ सुकलेले, उभं राहवत नव्हतं, आणि उचकीवर उचकी.

"ॲसिडिटीची गोळी दे भाऊ," सासू म्हणाली. "बारा दिवस झाले, पानी पोटात ठरत नाही. साऱ्याईचे नाव घेऊन पाह्यले. हिची माय लय आठवण काढून राह्यली, म्हणून माहेरी घेऊन चाललो."

गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात होतं. तेवढ्यात डॉक्टर अनवाणीच जिना उतरून आले. उचकी वर पोचली असावी.

त्यांनी मंगलाला बाकावर बसवून तपासलं. "पोटात काही नाही हिच्या," ते म्हणाले. "वांग्याले देठ असते ना, तसं मेंदूलेही असते. श्वास, गिळनं, सारं तिथून चालते. त्या देठाले सूज आलेली दिसते. कधीमधीच येते कोनाले. आत्ताच यवतमाळले न्या. माहेर मंग."

"उचकीनं कोनी मरते काय, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी चक्क हात जोडले. "मरते, माय."

माझ्याच गाडीतून आम्ही निघालो. यवतमाळच्या दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरनंही आधी ॲसिडिटीच लिहिली. गावंडे डॉक्टर टेबलापाशी अडून उभे राहिले. "बापू, पोट नको पाहू. देठाचा एमआरआय कर." तासाभरानं तो पोरगा स्वतः फोटो घेऊन बाहेर आला. देठाच्या मागच्या अंगाला पांढरा डाग होता. लगेच स्टेरॉइडचं सलाईन लागलं.

बाहेर बाकावर बसल्यावर डॉक्टर एकदम बोलायला लागले. "नलूले नऊ दिवस लागली होती." नलू म्हणजे त्यांची बायको. मी तिला दवाखान्यातल्या फोटोतच पाहिलेलं. "मी डॉक्टर. अन् मी हसून म्हनलं, तुह्या माहेरच्याईले सांग, पुरे करा आता. नलू बी हसली. दहाव्या दिवशी तिचा श्वास थांबला. ह्या रोगाचं नाव मले लय वर्षांनी एका पुस्तकात सापडलं."

वीस वर्षं मी या माणसाला हसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी मंगलाची उचकी थांबली. औषध आता बरेच दिवस घ्यावं लागणार आहे, पण ती स्वतःच्या पायांनी माहेरी जाऊन आली. मग एका बाजाराला सासू टोपलीभर वांगी घेऊन आली आणि "देठासकट आनली" म्हणाली. डॉक्टर मनापासून हसले.

त्याच दुपारी माझ्या दुकानात चहा घेताना डॉक्टरांना उचकी लागली. मी घाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला. दुसरी लागली, तिसरी लागली. ते रस्त्याकडे बघत होते.

"नलू?" अगदी हळू म्हणाले.

आम्ही दोघंही थांबलो. पुढची उचकी आली नाही.

"थांबली," ते म्हणाले, आणि निवलेला चहा प्यायले.